टाऊन हॉल म्युझियममधला वीतभर समुद्रदेव : तुम्ही कधी थांबून बघितलाय का?

पंचगंगाकाठ

जन्म, शाळा, कॉलेज, नोकरी, सगळं कोल्हापुरात. पण टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये मी गेलो होतो तो चौथीच्या सहलीत, तेवढाच. त्यातलं आठवतं काय, तर बागेतल्या तोफा आणि वर्गातल्या एकाचा हरवलेला डबा.

गेल्या आठवड्यात आबांचे तालमीतले एक जोडीदार सीपीआर हॉस्पिटलला ॲडमिट होते. त्यांना बघायला गेलो तर भेटायच्या वेळेला अजून तासभर. वर पाऊस. समोरच टाऊन हॉल, म्हटलं तिथं जाऊन बसू. आबा ८१ वर्षांचे. तरुणपणी खासबागेत कुस्त्या लढलेले, आता गुडघे बोलतात. आत शिरताना म्हणाले, "दगडं बघायला पैसं कशाला घालवतोस?"

दगडी मूर्ती, शस्त्रं, जुनी चित्रं बघत आम्ही हळूहळू सरकत होतो. आबांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो एका काचेच्या पेटीपाशी अचानक सुटला. आबा वाकून बघायला लागले. आत एक छोटीशी धातूची मूर्ती. उघडा दाढीवाला पुरुष, एक हात वर उचललेला. उंची पाचेक इंच, म्हणजे पुरती वीतसुद्धा नाही.

आबा म्हणाले, "ह्यो कुठल्या तालमीचा?"

मला हसू आलं. पण आबा हसत नव्हते. म्हणाले, "बघ नीट. सगळं वजन एका पायावर टाकलंय, दुसरा पाय नुसता टेकवलाय. म्हणून कंबर एकीकडं गेलीया आणि खांदा दुसरीकडं. ह्यो लढत न्हाई. ह्याचं लढून झालंय. आता आखाड्याच्या हौद्याच्या कडंला हुबा राहून पोरांची जोड बघतोय. वस्ताद हाय, दाढी बघ की." मग थोडं थांबून, "हातातलं कायतरी गेलंय बघ. नुसता वर धरलेला हात असा दिसत न्हाई. कशावर तरी टेकलेला हाय त्यो. भाला म्हण, काठी म्हण."

मग मी पाटी वाचली. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. हातात त्रिशूळ असायचा. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "समुद्राचा देव? मग पंचगंगंवर काय करतोय?"

तासभर बसायला म्हणून आलो होतो, त्यातला निम्मा वेळ त्या एका पेटीपुढंच गेला. फोटोत ही मूर्ती मी आधी पाहिली असणार, पण फोटोत ती मोठी वाटते, पुतळ्यासारखी. समोर उभं राहिल्यावर कळतं की एवढं सगळं, ती दंडाची वळणं, ते पोट, ती ऐट, आपल्या तळहातावर मावेल एवढ्यात बसवलंय. आबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. इथं कोणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा. हा इथं आला कसा? आणि तुमच्यापैकी किती जणांनी थांबून बघितलाय?

नाणेवाला

आबांना माझा दंडवत सांगा. वजन एका पायावर, कंबर आणि खांदे उलट्या दिशांना कललेले, हे ग्रीक शिल्पकारांनी इ.स.पू. पाचव्या शतकात बसवलं आणि पुढं रोमनांनी उचललं. कलेच्या पुस्तकांत त्यावर पानंच्या पानं आहेत. आबांनी चार वाक्यांत आटपलं.

आता कसा आला ते. १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदनगार ब्रह्मपुरीवर काम करत होते. त्या वेळी तांब्या-काशाच्या वस्तूंचा एक मोठा साठा एकत्र सापडला. पोसायडन त्यातलाच. त्याच्यासोबत आरसा होता, रोमन घडणीचे चंबू होते, पण जास्त करून वस्तू आपल्याकडच्याच बनावटीच्या. मग १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. ग. दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९५२ साली आला. या वस्तू ठेवायच्या म्हणूनच तर कोल्हापूरचं म्युझियम उभं राहिलं. टाऊन हॉलच्या इमारतीत ते नंतर गेलं. म्हणजे इमारत १८७२ ते ७६ मधली, म्युझियम त्यापेक्षा सत्तर वर्षांनी लहान.

उत्खननात खाली सातवाहन काळातली विटांची घरं, त्यावर शिलाहार-यादव काळ, त्यावर बहमनी काळ असे थर मिळाले. आज आपण ज्याला कोल्हापूर म्हणतो त्याचं मूळ गाव हे, नदीला लागून टेकडीवर. शिवाजी पुलावरून जाताना उजवी-डावीकडं बघत जा कधीतरी.

माझा विषय नाणी, म्हणून थोडं त्याबद्दल. इथं 'कुर' घराण्याची नाणी सापडतात. वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत शिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. नावाआधी आईचं नाव, आणि नाण्याच्या एका बाजूला धनुष्यबाण. आता गंमत बघा. इ.स. दुसऱ्या शतकात इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीनं जगाचा भूगोल लिहिला. त्यात 'बलिओकुरोस' राजाची राजधानी म्हणून 'हिप्पोकुरा' नावाचं गाव आहे. बलिओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुर, हे बहुतेकांना पटलेलं आहे. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूरच का, यावर मात्र भांडण आहे. पण अलेक्झांड्रियातल्या माणसाला इथल्या राजाचं नाव ठाऊक होतं एवढं नक्की. मग अलेक्झांड्रियाकडून एक पाच इंची देव इथवर आला तर नवल कसलं?

शंकेखोर

थांबा थांबा. आलाच कशावरून? इथल्याच एखाद्या कारागिरानं बघून केला असेल की. आपल्याकडं ओतारी काय कमी होते? बाहेरून आलेलं म्हटलं की लगेच भारी, असं आपलं होतं.

नाणेवाला

शंका रास्त आहे, आणि त्या साठ्यातल्या बऱ्याच वस्तू इथल्याच आहेत हे मी वर लिहिलंच आहे. पण पोसायडनच्या बाबतीत अभ्यासकांचं फारसं दुमत नाही. याच घडणीच्या, याच मापाच्या मूर्ती भूमध्य समुद्राच्या काठानं ठिकठिकाणी मिळाल्या आहेत. रोमन घरांत देवघर असायचं, भिंतीतला कोनाडाच म्हणा. त्यात असल्या वीतभर मूर्ती ठेवायचे. आपल्या देवघरातले टाक आठवा. सोबत न्यायला सोपे, वाटणी झाली तर वाटून घ्यायला सोपे. समुद्रावर जाणाऱ्याच्या सामानात समुद्राचा देव असणं हे आपण एसटीत बसताना खिशात गणपती ठेवतो तसंच.

वाटेबद्दल : इ.स. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात कल्याण आहे, चौल आहे, खाली कोकणातली आणखी बंदरं आहेत. पावसाळी वाऱ्यावर जहाजं यायची, वारा फिरला की परत. बंदरातून घाट चढून वर आलं की बाजारपेठा. कोल्हापूर घाटमाथ्याच्या तोंडावरच बसलंय. आजही कोकणातला मासा सकाळी आपल्या मंडईत कुठून येतो ते बघा.

ओतीवकाम

मी फाउंड्रीवाला. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं. पंपाचे, ट्रॅक्टरचे पार्ट ओततो. इतिहासातलं मला कळत नाही, पण ही मूर्ती मी चार वेळा जाऊन बघितलीय, आणि दरवेळी मालक म्हणून नाही तर मोल्डर म्हणून बघितलीय. म्हणून थोडं लिहितो. लांबलं तर माफ करा.

आमच्याकडं वाळूचा साचा असतो. पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, वाळूत दाबायचा, साच्याचे दोन भाग करायचे, पॅटर्न अलगद बाहेर काढायचा, पुन्हा भाग जुळवून धातू ओतायचा. यात एक अट असते, पॅटर्न वाळू न मोडता बाहेर निघाला पाहिजे. म्हणून त्याच्या बाजूंना थोडा उतार ठेवतात. आता पोसायडनकडं बघा. वर केलेला हात, दोन पायांमधली पोकळी, दाढीचे कुरळे, केसांखालची खाच. हा पॅटर्न वाळूतनं काढायला गेलात तर साचा फुटलाच. दोन भागांत तर हा होतच नाही.

म्हणजे हे मेणाचं काम. आधी मेणात अख्खी मूर्ती घडवायची. तिला मेणाच्याच काड्या चिकटवायच्या, धातू आत यायला एक वाट, हवा बाहेर जायला एकदोन वाटा. मग वस्त्रगाळ मातीचा पातळ लेप, तो वाळला की दुसरा, मग जाड मातीचा. पूर्ण वाळल्यावर तापवायचं. मेण वितळून बाहेर येतं, आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्यात धातू ओतायचा. गार झाला की माती फोडायची. साचा गेला. दुसरी मूर्ती हवी तर पुन्हा मेणापासून सुरुवात. आमच्या धंद्यात याला आता इन्व्हेस्टमेंट कास्टिंग म्हणतात आणि त्याचे पैसे वेगळे लावतात, पण काम तेच. आपल्याकडं याला जुनं नाव आहे, मधूच्छिष्ट. मध काढून घेतल्यावर मागं उरलेलं ते मेण. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लासा'त मूर्ती ओतायची ही रीत लिहून ठेवली आहे. म्हणजे शंकेखोरांचा मुद्दा एका अर्थी बरोबर. हात इथंही होते.

धातूचं म्हणाल तर नुसतं तांबं १०८५ अंशांना वितळतं, आणि ते ओतायला त्रासदायक. गॅस धरतं, कोपऱ्यांत जात नाही. त्यात दहा टक्क्यांच्या आसपास कथील घाला. वितळायचं तापमान हजाराच्या खाली-वर येतं आणि रस पाण्यासारखा पळतो. बोटांच्या पेरांपर्यंत जातो. हे ज्यानं पहिल्यांदा शोधलं त्याला आमच्या असोसिएशननं पुरस्कार द्यायला हवा.

आता माझ्या मनात सलणारी गोष्ट. मोठ्या पुतळ्यात खोड लपवता येते. आत पोकळ ठेवतात, कुठं फट पडली तर वेल्डिंग करून घासतात, दहा फुटांवरून कोण बघणार? पाच इंचात कुठं लपवणार? हवेचा एक बुडबुडा छातीवर आला की सगळं गेलं. आमच्याकडं आजही, सगळी टेस्टिंगची यंत्रं असताना, शंभरात काही पीस ब्लो होलनं जातातच. त्या माणसानं मातीच्या भट्टीपुढं बसून, डोळ्यानं रंग बघून, हा ओतला. वर सांगितलेला तो एका पायावरचा तोल, तो आधी मेणात आला पाहिजे, मग धातूत. मेण बोटाच्या उष्णतेनंसुद्धा वाकतं.

नाणेवाल्यांना एक विचारतो. हा सगळा साठा एकत्र सापडला म्हणता. आमच्या डोळ्यांना तो वेगळाच दिसतो. आरसा, चंबू, मूर्ती, देशी-परदेशी सगळं एकात एक. ही तर मोड वाटते! कासाराकडं मोड घालून नवीन भांडी घेतात तशी. कुणीतरी तांबट बसला असेल, जुनं तांबं गोळा करत. पोसायडन त्याच्याकडं भट्टीत जायची वाट बघत होता. आणि काहीतरी झालं, भट्टी पेटलीच नाही.

मंगळवारपेठी

ओतीवकाम, नाद खुळा! सकाळी चहा घेता घेता वाचलं, चहा गार झाला.

मुग्धा_देशपांडे

ती मोडीची कल्पना वाचून पोटात गोळा आला. पण नाणेवाले, व्यापाऱ्याचं घर असंही म्हणतात ना?

नाणेवाला

हो, दोन्ही बाजूंनी बोललं जातं. एखाद्या सधन माणसाचा संग्रह, किंवा धातूचं काम करणाऱ्याचा माल. ओतीवकाम यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं मुळीच नाही. मूर्ती कुणी पुजली का, म्हणजे इथं तिला हळदकुंकू लागलं का, हे सांगायला काही साधन नाही. मला स्वतःला वाटतं की घरात ती नवलाची वस्तू म्हणून असावी. दुबईहून आलेल्या पाहुण्यानं आणलेली काहीतरी चीज शोकेसमध्ये असते ना, तशी.

आणि हो, एकतर्फी व्यवहार समजू नका. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पाँपेई राखेखाली गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, दागिन्यांनी मढलेली बाई. उंची साधारण दहा इंच, थोडी कमीच. आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती आकृती आपल्या महाराष्ट्रात तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. म्हणजे इकडून बाई गेली आणि तिकडून दाढीवाला आला. त्या काळची सोयरीकच.

शंकेखोर

तेर आणि भोकरदन मला माहीत नव्हतं. बरं, माघार. अर्धी.

हडसनकाठी

मला या धाग्यावर थोडी शरम घेऊन लिहायचंय. मी शिवाजी पेठेतला. बावीस वर्षं भाऊसिंगजी रोडवरून सायकल, मग लूना, मग स्प्लेंडर. टाऊन हॉलच्या बागेत मित्रांबरोबर बसून किती शेंगा खाल्ल्या असतील. आत पाय ठेवला नाही कधी.

२०२३ साली न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये भारतातल्या सुरुवातीच्या बौद्ध कलेचं मोठं प्रदर्शन होतं. बायकोला हौस, म्हणून न्यू जर्सीहून गेलो. मोठमोठे दगडी खांब, स्तूपाच्या शिळा. एका पेटीत ही इवलीशी मूर्ती. खाली 'कोल्हापूर' लिहिलेलं. मी दोनदा वाचलं. मग बायकोला हाक मारली तर रखवालदारानं डोळे मोठे केले, एवढ्या मोठ्यानं ओरडलो म्हणे.

सीपीआरसमोरून विमानात बसून तो माझ्या आधी तिथं जाऊन उभा होता. आजूबाजूचे लोक पाटी वाचून पुढं सरकत होते. मी त्यांना थांबवून सांगावं म्हणत होतो की अहो, हे माझं गाव आहे. सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पंचगंगाकाठ

@हडसनकाठी, शरम कसली, मीही त्याच रांगेत. आबांना तुमचं वाचून दाखवलं. म्हणाले, "परगावी जाऊन कुस्ती मारून आला म्हण की."

@ओतीवकाम, तुमची पोस्ट प्रिंट काढून ठेवली आहे. कधी भेटता?

अश्विनी_क

सगळेजण पोसायडनवरच! बाहेरून आलेल्या पाहुण्याचं एवढं कौतुक, आणि त्याच साठ्यातला आपला हत्ती कुणाच्या तोंडातही नाही. पाठीवर माणसं बसलेला काशाचा छोटा हत्ती. तो पोसायडनपेक्षाही लहान आहे. त्याला ग्रीकांची ती कमावलेली मांडी नाही, प्रमाणबद्ध पोट नाही. पण त्यात एक लगबग आहे. ती माणसं कुठंतरी निघाली आहेत. पोसायडन स्वतःसाठी उभा आहे, मला तरी तो थोडा शिष्ट वाटतो. हत्ती मिरवणुकीतून आलाय.

मी चित्रकला शिकवते. मुलांना घेऊन गेले की आधी हत्तीपाशी थांबवते आणि काढायला सांगते. सोंडेपासून सुरू केलेला कागद माणसांपर्यंत पोचेपर्यंत संपतो, कारण मुलं हत्ती मोठा काढतात. प्रत्यक्षात एवढुसा आहे हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. मागच्या वर्षी एकीनं विचारलं, "मॅडम, ही माणसं पोसायडनला आणायला गेली होती का?" मी त्यावर काहीच बोलले नाही. कशाला मोडायचं?

सांगलीचा_मी

येत्या महिन्यात कोल्हापूरला यायचंय. म्युझियम कुठल्या वारी बंद असतं? आणि दुसरं काय बघण्यासारखं?

मंगळवारपेठी

सोमवार टाळा. बघण्यासारखं म्हणाल तर शिल्पांचंच मनात असेल तर बिंदू चौक. भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० ला तिथं महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, हे ध्यानात घ्या. मग कावळा नाक्यावर ताराराणी, घोडा मागच्या पायांवर उठलेला. आमचे ओतीवकाम सांगतील त्यात वजन कसं पेललंय ते. लांब जायची तयारी असेल तर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. त्यावर मात्र वेगळा धागा काढा, नाहीतर इथं महिनाभर तेच चालेल.

ओतीवकाम

घोड्याचं एवढंच सांगतो की बाहेरून दिसतो तो धातू, आणि उभा ठेवतं ते आतलं. बाकी प्रत्यक्ष भेटीत.

मुग्धा_देशपांडे

एक वेगळीच गोष्ट. आमच्या आजोळी कागलजवळ देवघरात एक जुना ओतीव बाळकृष्ण होता. रांगणारा, हातात लोणी. आज्जी त्याला फक्त पाण्यानं धुवायची. ती गेल्यावर मी, हो मीच, हौसेनं दर सणाला चिंच आणि रांगोळी लावून घासायला लागले. काय चकाकायचा! पाचसहा वर्षांनी मामानं जुना फोटो काढला तेव्हा लक्षात आलं की फोटोत त्याला नाक आहे. आता नाही. केसांच्या बटा होत्या, त्याही गेल्या. गुळगुळीत झालाय, साबणाच्या वडीसारखा.

म्हणून पोसायडनचा तो काळपट-हिरवट रंग बघून मला बरं वाटलं. कुणी घासला नाही.

ओतीवकाम

मुग्धाताई, मनाला लावून घेऊ नका, निम्म्या महाराष्ट्राच्या देवघरात हेच झालंय. तो काळपट-हिरवा थर म्हणजे धातूनंच अंगावर घेतलेली चादर. दाट, चिकटून बसलेला असेल तर तो आतल्या धातूला राखतो. घाबरायचं ते फिकट हिरव्या, भुकटीसारख्या ठिपक्यांना. ते क्षारांमुळं होतं, आणि ओल मिळाली की आत पोखरत जातं. आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत जुनं कासं सांभाळणं म्हणजे दमेकरी माणूस सांभाळण्यासारखं आहे. म्हणून काच, म्हणून हात लावायचा नाही. घामातही मीठ असतं.

पंचगंगाकाठ

शेवटचं अपडेट देतो.

रविवारी ओतीवकाम, आबा आणि मी असे तिघं जाऊन आलो. दीड तास. ओतीवकाम भिंग घेऊन आले होते. आबा आणि ते काचेच्या दोन बाजूंना, मी मध्ये. ओतीवकाम म्हणायचे इथनं धातू गेला असणार, इथनं हवा निघाली असणार. आबा म्हणायचे हवा-बिवा ऱ्हाऊ दे, पोटरी बघा. एक गोष्ट दोघांनाही पटली : ज्यानं हा केला त्यानं जिवंत माणूस समोर उभा करून बघितला होता, आणि त्या माणसानं व्यायाम केला होता. आबांच्या मते बैठका जास्त, जोर कमी. छातीवरनं कळतं म्हणे.

काल आबांच्या जोडीदाराला डिस्चार्ज मिळाला. मी रिक्षा ठरवायला निघालो तर आबा म्हणाले, "थांब. पाच मिनिटं समोर जाऊन येऊ." मी म्हटलं आबा, त्यांना चालवत नाही अजून. जोडीदार म्हणाले, "चालवतंय की. काय हाय समोर?"

मग काय, दोघांना दोन हातांनी धरून रस्ता ओलांडला. पेटीपुढं नेऊन उभं केलं. आबांनी आधी काहीच सांगितलं नाही, पाटीपुढं आपणच आडवे उभे राहिले. जोडीदारांनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघितलं.

म्हणाले, "गंगावेस तालमीचा दिसतोय."

आबा म्हणाले, "हॅट! मोतीबागेचा हाय."

तिथनं जे सुरू झालं ते रिक्षात, घरी पोचेपर्यंत. मी पोसायडनचं नावच काढलं नाही.

अश्विनी_क

आणि हत्ती बघितला की नाही?

पंचगंगाकाठ

राहिला.